वरवंडच्या साईची उंची

उंची मोजायची फळी साईच्या डोक्याला टेकली आणि सारिका सिस्टरने आकडा वाचला. मग तिने त्याला पुन्हा भिंतीला टेकवलं, टाचा मागे सरकवल्या, हनुवटी सरळ केली आणि तोच आकडा पुन्हा वाचला.

"मॅडम, गुढीपाडव्याला होती तेवढीच आहे. एक रेघसुद्धा हलली नाही."

डॉ. सुलक्षणा गव्हाणे यांनी चहाचा कप बाजूला सारला. चहा तसाही कधीच गार झाला होता.

"पुन्हा मोज."

"दोनदा मोजली."

"मग तिसऱ्यांदा मोज."

तिसऱ्यांदाही साई तेवढाच भरला.

महिन्यातून एका शनिवारी डॉक्टर पुण्याहून यायच्या. सकाळी दौंड, दुपारनंतर शिरूर. लहान मुलांचा मधुमेह, थायरॉईड, खुंटलेली वाढ, असली दुखणी बघणारं दुसरं कुणी या बाजूला नव्हतं. सुरुवातीला त्यांना फार उत्साह होता. आता उत्साहाच्या जागी गुडघेदुखी होती. तरी गाडी दर महिन्याला सुटायची, कारण ती सुटली नाही तर काय होतं हे त्यांनी एकदोनदा पाहिलं होतं.

साई तेरा वर्षांचा होता आणि आठचा दिसायचा. मेंदूखालची एक ग्रंथी त्याच्या शरीराला वाढीचं संप्रेरक पुरवत नव्हती. ते रोज रात्री सुईने टोचावं लागे. औषध इतकं महाग की घरच्यांच्या आवाक्याबाहेरचं. पुण्यातली एक संस्था ते फुकट द्यायची, पण तिची एक अट होती. मूल वाढत असेल तरच पुढचा साठा, नाहीतर औषध रांगेतल्या दुसऱ्या मुलाला. डॉक्टरांना साईबद्दलचा निकाल आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. आणि साईच्या हाडांची टोकं एकदा जुळली की मग जगातलं कुठलंच औषध त्याला वाढवू शकणार नव्हतं. तो दिवस फार लांब नव्हता.

चमत्कारिक गोष्ट अशी की पहिले सहा महिने साई छान वाढला होता. पाडव्यानंतर तो जागच्या जागी थांबला. गेल्या खेपेला घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट सकाळीच आला होता, आणि रक्त सरळ सांगत होतं की या मुलाच्या अंगात औषध जातच नाही.

डॉक्टरांनी त्याच्या आईला समोर बसवलं. सुवर्णाने पदर सावरला.

"इंजेक्शन रोज देता?"

"एक दिस बी चुकवलं न्हाई, म्याडम. माहेरी लगीन व्हतं, तवा बी संगं घिऊन गेले."

"कुठे टोचता?"

"एक दिस मांडीला, एक दिस पोटाला. तुमीच शिकवलंय न्हवं?"

"औषध कोण कालवतं?"

"आधी मीच कालवायची. मग उन्हाच्या तोंडाला भाजीची काढणी निघाली, माजे हात रिकामे नसायचे. आबा म्हंले, मी बघतो."

आबा म्हणजे साहेबराव, साईचे आजोबा. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, मांडीवर बर्फाचा डबा. एकही खेप त्यांनी चुकवली नव्हती. दवाखान्यातल्या सगळ्या आया त्यांच्याकडे बघून आपापल्या सासऱ्यांना मनातल्या मनात नावं ठेवायच्या.

"म्या कालवतो, बाई," आबा म्हणाले. "पावडरीच्या बाटलीत पाणी हळू सोडायचं, आन् नुसतं फिरवायचं. हालवलं की फेस व्हतो. फेस झाला की औषध मेलं."

"बरोबर. आणि रिकाम्या बाटल्या?"

"ह्या काय." आबांनी पिशवी टेबलावर ठेवली. रिकाम्या बाटल्या परत करायचा संस्थेचा नियम होता. या सालातली एकही कमी नव्हती.

साई टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून उभा होता. डॉक्टरांनी त्याला जवळ घेतलं.

"शाळा काय म्हणते?"

"प्रार्थनेच्या रांगेत उंचीपरमानं हुबं करत्यात. मी पयला," साई म्हणाला. "पयलीपास्नं मीच पयला. मला येकदा तरी कुणाच्या तरी मागं हुबं ऱ्हायचंय."

डॉक्टरांनी त्याची कॉलर सरळ केली. त्यांनी विषय बदलला. "आणि शेतात काय लावलंय?"

"गाजरं. आबा मला विरळणी शिकवत्यात. दोन रोपं चिकटून आली की बारकं उपटायचं, म्हंजी खत मोठ्याला मिळतं. एका वाफ्याची झाली. बाकीचे वाफे ऱ्हायलेत."

तेवढ्यात दार भरून एक तरुण आत आला. हा साईचा चुलतभाऊ ज्ञानेश. भाजीच्या टेम्पोतून सगळ्यांना त्यानेच आणलं होतं.

"आबा, टेम्पो फाटकात हाय. मागचे हॉर्न वाजवायलेत."

बोलता बोलता त्याने कोपऱ्यातल्या जारचं पाणी घेतलं. एक ग्लास, दुसरा, तिसरा. मग त्याने उजवा हात झटकला. पायांतल्या चपलांतून त्याच्या टाचा बाहेर आल्या होत्या.

"हाताला काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मुंग्या येत्यात, म्याडम. तालमीत शीर दबली आसंल."

"बोटावर वळ कसला?"

"अंगठी अडाकली व्हती. सोनारानं कापून काढली."

"निवडीला उतरायचाय त्यो," आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. "जिल्ह्याच्या कुस्तीच्या. माज्या तालमीतला हाय. गावाची समदी आशा त्याच्यावं."

डॉक्टरांनी मान हलवली. "सुवर्णाताई, दुपारी घरीच आहात ना?"

"व्हय. का वो?"

"सहज."

मंडळी गेली. सारिका सिस्टर वाट बघतच होती.

"मॅडम, मी सांगते. फ्रिज! ह्यांच्या वस्तीवर वीज धड नसते, म्हणून सीलबंद बाटल्या गावातल्या डेअरीत ठेवतात. तिथे औषध गोठत असणार. गोठलं की संपलं."

"शक्य आहे. नाहीतर संस्थेकडून आलेला मालच खराब असेल."

"हेच औषध घेणाऱ्या प्रांजलला तीच खेप दिली होती. ती तर वाढतेय."

"मग माल चांगला. तिच्या रिकाम्या बाटल्या आहेत का गं इथे?"

सारिकाने त्या काढल्या. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दोन्हीकडच्या बाटल्या खिडकीपाशी धरल्या. प्रांजलच्या बाटल्यांचं रबरी बूच सुया टोचून टोचून चाळणी झालं होतं. साईच्या बाटल्यांची बुचं जवळजवळ कोरी होती. एखाददुसरं भोक, बस्स.

"काही दिसलं?" सारिकाने विचारलं.

"दिसलं. पण मला ते दिसायला नको होतं," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी गाडीची किल्ली उचलली. "शिरूरला फोन कर. उशीर होईल म्हणावं."

उरलेली मुलं तपासून होईपर्यंत दुपार झाली. शिरूरला जाताना वरवंड वाटेवरच होतं. पाटसच्या पुढे सारिकाने डबा उघडला, पण डॉक्टरांनी तो तसाच परत केला. भूक नव्हती. असल्या दिवशी आपण डोळ्यांचे डॉक्टर झालो असतो तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटायचं. चष्म्याचा नंबर काढायचा आणि घरी जायचं.

डेअरी रस्त्याकाठीच होती. ती चालवणारा जालिंदर लोखंडी टेबलामागे पेंगत होता.

"साईचं औषध कुठे ठेवता?"

त्याने लगेच फ्रिज उघडून दाखवला. आत तापमापक टांगलेला होता. डॉक्टरांनी तो वाचला. जसं हवं तसं.

"लाईट गेली तर?"

"जनरेटर हाय, म्याडम. दूध नासलं तर गाव मला नासवंल."

"कप्पा कधी गोठतो का?"

"न्हाई. बर्फाच्या कप्प्यात म्या ठिवतच न्हाई. आबांनी बजावून ठिवलंय. पोरापरास औषधाला जास्त जपत्यात."

"इथून बाटली कोण नेतं?"

"आबाच. दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हाई म्हणून ताकीद हाय. सुवर्णावैनी आली तरी द्यायची न्हाई."

सारिकाने डॉक्टरांकडे पाहिलं. तिचा फ्रिजचा संशय तिथेच संपला.

वस्ती कालव्याच्या पलीकडे होती. सुवर्णा अंगणात भांडी घासत होती. आबा ओट्यावर बसले होते. ज्ञानेश टेम्पोखाली शिरून काहीतरी ठोकत होता. डॉक्टरांची गाडी बघून सगळे उठले.

"चहा टाकते," सुवर्णा म्हणाली.

"चहा नंतर. सध्या चालू असलेली बाटली आणा. साईला काल जिच्यातून टोचलं ती."

आबा ओट्यावरून उतरले. "बाई, उन्हाचं कशाला उगडायची…"

"आणा, सुवर्णाताई."

सुवर्णाने घरातल्या लहान फ्रिजमधून बाटली आणली. डॉक्टरांनी ती उजेडात धरली.

"ही कधी उघडली?"

"परवा. आबांनीच कालवून दिली."

"परवा उघडली म्हणजे बुचाला दोन-तीन भोकं असायला हवीत." डॉक्टरांनी बाटली तिच्या हातात दिली. "बघा."

सुवर्णाने बघितलं. बूच चाळणीसारखं झालं होतं. मध्यभागी रबराचे तुकडे निघाले होते. लेबल बोटांनी घासून पुसट झालं होतं.

"लेबलवरचा छापा वाच, सारिका."

"मॅडम, ही गेल्या वर्षीची आहे. पहिल्या खेपेतली. हिची मुदत कधीच संपली."

शेजारच्या वाफ्यांतून साई मूठभर उपटलेली रोपं घेऊन धावत आला आणि आईच्या मागे उभा राहिला.

"ज्ञानेश," डॉक्टर म्हणाल्या, "इकडे ये. बोट दे."

त्यांनी पिशवीतून साखर मोजायचं यंत्र काढलं, त्याच्या बोटाला सुई टोचली आणि पट्टीला थेंब लावला. यंत्रावर आकडा आला, तशी सारिका "अगं बाई!" म्हणाली.

"दोनशे ऐंशी. तुला खूप तहान लागते?"

"लागती. रातच्याला बी उठून पाणी पितो."

"चपला लहान व्हायला लागल्या?"

"दोन जोड बदलले ह्या सालात."

"अंगठी कापावी लागली. हाताला मुंग्या. तू कसलं इंजेक्शन घेतोस?"

ज्ञानेशने साधेपणाने आबांकडे पाहिलं. "ताकदीचं. आबा देत्यात. पुण्याच्या वैद्याकडनं आणत्यात."

"कधीपासून?"

"पाडव्यापास्नं. निवडीची तयारी धरली तवापास्नं."

सुवर्णाच्या हातातली बाटली खाली पडली. फुटली नाही. मातीत घरंगळत गेली.

डॉक्टर ओट्याच्या कडेवर बसल्या. गुडघे फारच ठणकत होते.

"आबा, चुकलं तर सांगा," त्या म्हणाल्या. "साईची उंची पाडव्याला थांबली. त्याच सुमारास कालवायचं काम तुम्ही आपल्याकडे घेतलं. माल खराब नव्हता, कारण दुसरी मुलगी त्याच मालावर वाढली. फ्रिज खराब नव्हता. आई टोचायला चुकत नव्हती. मग औषध हरवलं कुठे? डेअरीपासून आईच्या हातापर्यंत. आणि त्या वाटेवर तुम्ही एकटेच होता."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुम्ही परत केलेल्या बाटल्यांच्या बुचाला एखाददुसरं भोक आहे. लहान मुलाला रोज थोडं थोडं द्यायचं असतं, त्यात बुचाची चाळणी होते. एका भोकातून पाणी आत जातं आणि दुसऱ्यातून सगळं औषध एका दमात बाहेर येतं, ते कुणासाठी? मोठ्या अंगाच्या माणसासाठी. लहान मुलात हे औषध उंची वाढवतं. ज्याची उंची वाढून संपली, त्याचे हात, पाय, बोटं सुजतात आणि साखर चढते. सकाळी हा मुलगा तीन ग्लास पाणी प्यायला तेव्हाच मला शंका आली. आधी वाटलं, हाच चोर. पण चोर आपलं दुखणं असं डॉक्टरसमोर मोकळेपणाने सांगत नाही. त्याला काही ठाऊकच नव्हतं. आणि साईसाठी तुम्ही एक जुनी बाटली ठेवलीत. ती संपली की भरायची. कशाने भरत होता, आबा?"

"उकाळल्याल्या पाण्यानं," आबा हळू म्हणाले. "उकाळून गार करून. पोराला बाधू नये म्हणून."

"पाणी?" सुवर्णा म्हणाली. तिचा आवाज फाटला. "रोज त्यो वरडायचा, म्या मांडीत डोकं दाबून धरायची त्याचं. बरं व्हशील म्हणायची. म्या माज्या हातानं लेकराला पाणी टोचलं?"

ज्ञानेश मागे सरकत टेम्पोला टेकला. "बारक्याच्या वाट्याचं मला दिलंत? आबा, त्या निवडीला काय आग लावायची हाय का?"

"तुमाला कळायचं न्हाई." आबा एकदम ताठ बसले. "तालमीत ह्या औषधासाठी पोरं जीव टाकत्यात. माज्या घरात फुकट येत व्हतं. आन् जातंय कुणाला? ह्याला. सहा महिनं घालून काय झालं? चार बोटं. ह्यो वाढून वाढून किती वाढंल, बाई? ह्यो जोमाचा हाय, ह्याच्यात घातलं तर घराचं नाव निघंल. जल्मभर मातीत हात हायती माजे. एका जागी दोन रोपं आली तर खत जोमाच्या रोपाला जातं. बारक्याला कुणी घालत न्हाई. मी त्याला कमी केलं न्हाई काय. खाऊ-पिऊ घालतो. दवाखान्यात नेतो. कवा नेलं न्हाई, सांगा?"

"न्यायला तर लागणारच होतं," डॉक्टर म्हणाल्या. "तो आला नसता तर औषध मिळालं नसतं."

आबांनी मांडीवरची टोपी उचलून पुन्हा ठेवली.

तेवढ्यात साईचा आवाज आला. आईच्या पदराआडून तो पुढे आला होता. त्याच्या मुठीत मघाशी उपटलेली गाजराची रोपं अजून होती, दोऱ्याएवढ्या मुळांची.

"आबा," तो म्हणाला, "म्हंजी मला उपटलं व्हतं का?"

तो रडत नव्हता. एवढंच विचारून तो आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिला, विरळणीतलं काही न समजल्यावर बघावं तसा.

ज्या माणसाने तालमीत पन्नास पोरं उभी केली होती, त्याला नातवाच्या डोळ्यांत बघता येईना. मग आबांनी टोपीत तोंड घातलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. कुणी त्यांच्याजवळ गेलं नाही.

डॉक्टरांना राग आला होता, आणि रागापेक्षाही जास्त थकवा. असल्या माणसाला राक्षस म्हणता आलं असतं तर काम सोपं झालं असतं. त्याने पाणी उकळून घेतलं होतं. पोराला बाधू नये म्हणून.

त्यांनी तिथूनच संस्थेला फोन लावला. औषध साईपर्यंत पोचत नव्हतं, आता पोचेल, याची जबाबदारी माझी, एवढं सांगितलं आणि तीन महिने मागून घेतले. ते अर्धा तास घासाघीस करून मिळाले. ज्ञानेशला पुण्याला तपासणीला यायला सांगितलं. निवड या वर्षी नाही, असंही सांगितलं, आणि तो "बरं" म्हणाला. बाटली यापुढे सुवर्णाच आणणार, सुवर्णाच कालवणार. जालिंदरला तसं स्वतः जाऊन बजावलं. शिरूरला पोचेपर्यंत तिथली मुलं आयांच्या मांडीवर झोपून गेली होती.

माघ महिन्यात साई दौंडला आला. सोबत आई होती, आणि एक पिशवी.

सारिकाने फळी टेकवली, आकडा वाचला, आणि न सांगताच पुन्हा मोजला.

"वाढला, मॅडम. चांगला वाढलाय."

"आता मी दुसरा," साई म्हणाला. "रांगेत. म्होरं एक जण हाय."

"आबा?" डॉक्टरांनी विचारलं.

"भायेर हायती," सुवर्णा म्हणाली. तिने दाराकडे मान वळवली नाही. "येत्यात संगं. आत येत न्हाईत. घरात म्या बोलत न्हाई त्यांच्याशी. ह्यो बोलतो."

खिडकीतून चिंचेखाली पांढरी टोपी दिसत होती.

साईने पिशवी टेबलावर रिकामी केली. गाजरं होती. बोटाएवढी, वाकडीतिकडी, एकमेकांत गुंतलेली.

"अशी का रे आली?"

"आबांनी बाकीच्या वाफ्यांची विरळणीच केली न्हाई," साई म्हणाला. "समदी रोपं तशीच ठिवली. लोक हासले. बाजारात कुणी घेतली न्हाईत. मी म्हणलं, आबा, बारकी उपटूया की. तर त्ये न्हाईच म्हंले."

डॉक्टरांनी एक गाजर उचललं, रुमालाला पुसलं आणि खाल्लं. गोड होतं. मग त्यांनी चष्मा लावला आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.